शस्त्रवैद्याचे हातमोजे

आमच्याकडे दरमहा येणाऱ्या पत्रांपैकीं या खेपेचें एका भगिनीचें पत्र विशेष विचार करण्याजोगें आहे. त्यांच्या वृद्ध सासऱ्यांवर नुकतीच अंतर्गळाची शस्त्रक्रिया झाली. आदल्या दिवशीं एका तरुण शस्त्रवैद्यानें येऊन चौकशी केली, "आजोबांना पूर्वीं कधीं कावीळ झाली होती काय? कधीं रक्त चढविलें होतें काय?" आणि बोलतां बोलतां त्यानें असेंहि सांगितलें कीं, आपण शस्त्रक्रियेच्या वेळीं हातमोज्यांचे दोन जोड एकावर एक घालतों. पुढें बिलांत त्या दोन्ही जोडांची किंमत लागली. घरांतील वडील मंडळींस ही गोष्ट फार लागली. "आमच्या घराण्यांत असले रोग नाहींत, हे लोक आम्हांस समजतात तरी काय?" असें एकानें बोलूनहि दाखविलें, आणि त्या रागाच्या भरांत, सासऱ्यांना तीस वर्षांपूर्वीं झालेली कावीळ सांगावयाची ती राहूनच गेली. सासरे आतां सुखरूप घरीं आले आहेत. परंतु सुनेच्या मनांतील शंका गेलेली नाहीं. त्या विचारतात, "त्या दोन जोडांत आमचा अपमान होता काय? आणि कावीळ सांगितली नाहीं, यांत आमचें कांहीं चुकलें काय?"

पहिल्या प्रश्नाचें उत्तर 'मुळींच नाहीं' असें आहे; आणि दुसऱ्याचें, भगिनीची क्षमा मागून, 'होय, चुकलें' असें आहे. पण एवढें सांगून थांबणें आम्हांस प्रशस्त वाटत नाहीं. ज्या गोष्टीचें कारण ठाऊक नसतें ती गोष्ट मनाला लागते. कारण कळलें म्हणजे तीच गोष्ट साधी दिसूं लागते. हातमोजा ही वस्तु शस्त्रवैद्याच्या हातीं कशी आली, ती कोणाचें रक्षण करते व किती करते, हें आज आम्ही वाचकांपुढें मांडणार आहों.

प्रथम हें लक्षांत घ्यावें कीं, मोज्याची रीत शस्त्रविद्येइतकी जुनी नाहीं. अमेरिकेंतील फिलाडेल्फिया शहरीं टॉमस ईकिन्स नांवाचा एक थोर चित्रकार होऊन गेला. त्यानें शस्त्रक्रियेचे दोन प्रसंग रंगविले आहेत. १८७५ सालच्या पहिल्या चित्रांत डॉ. सॅम्युएल ग्रॉस हे काळा कोट घालून उभे आहेत. त्यांच्या उघड्या हातांत शस्त्र आहे आणि बोटें रक्तानें माखलेलीं आहेत. १८८९ सालच्या दुसऱ्या चित्रांत डॉ. ॲग्न्यू व त्यांचे साहाय्यक पांढऱ्या झग्यांत दिसतात आणि जवळच परिचारिका उभी आहे. मधल्या चौदा वर्षांत जंतुनाशक पद्धतीनें काय पालट केला तो या दोन चित्रांवरून डोळ्यांस दिसतो. पण हात मात्र दुसऱ्या चित्रांतहि उघडेच आहेत! आमच्या आनंदीबाई जोशी १८८३ ते १८८६ या काळांत त्याच शहरांतील स्त्रियांच्या वैद्यकीय महाविद्यालयांत शिकत होत्या. म्हणजे महाराष्ट्रांतील पहिल्या स्त्रीडॉक्टरनें ज्या काळांत वैद्यकीचें शिक्षण घेतलें तो काळ उघड्या हातांचा होता.

उघड्या हाताला धोका आहे हें कोणास कळलें नव्हतें असें मात्र नाहीं. १८४७ सालच्या मार्चमध्यें व्हिएन्ना येथें प्रेताची चिरफाड चालू असतां एका विद्यार्थ्याच्या हातांतील सुरी प्रोफेसर कोलेच्का यांच्या बोटाला लागली. जखम क्षुल्लक होती. पण तिच्यापासून सर्व शरीरांत विष भिनून ते थोड्याच दिवसांत वारले. त्यांचे स्नेही डॉ. सेमेलवाइस यांनीं त्या मृत्यूचा वृत्तांत वाचला आणि त्यांना एकदम उमगलें कीं, प्रसूतिगृहांत ज्या सूतिकाज्वरानें बाळंतिणी मरतात तो रोग आणि हा रोग एकच. प्रेतांवर काम करून तसेच प्रसूतिगृहांत येणाऱ्या विद्यार्थ्यांच्या हातांवरून तें विष बाळंतिणींपर्यंत पोंचतें. त्यांनीं क्लोरिनयुक्त चुन्याच्या पाण्यानें हात धुण्याची सक्ती केली. त्या विभागांत एप्रिल महिन्यांत शेंकडा अठरा बाळंतिणी दगावत होत्या. जून-जुलैमध्यें तें प्रमाण शेंकडा दोनांच्या आसपास आलें. या एका घटनेंत आजच्या विषयाचें सारें मर्म आलें आहे. हात हा दुहेरी रस्ता आहे. रुग्णाकडून वैद्याकडे आणि वैद्याकडून रुग्णाकडे, दोन्ही बाजूंनीं त्यावरून मृत्यूची ये-जा होऊं शकते.

पुढें १८६७ सालीं ग्लासगो येथील जोसेफ लिस्टर यांनीं आपली जंतुनाशक शस्त्रक्रियेची पद्धति प्रसिद्ध केली. शस्त्रें, पट्ट्या, जखम आणि हात हीं सर्व कार्बोलिक ॲसिडानें निर्जंतुक करावीं, हें त्या पद्धतीचें सार होतें. जंतु मेले, पण त्यांच्याबरोबर शस्त्रवैद्यांच्या व परिचारिकांच्या हातांची कातडीहि सोलून निघूं लागली. जंतु मारणारें द्रव्य जिवंत कातडीला सोडील कसें?

आणि येथेंच हातमोज्याचा जन्म झाला. १८८९ सालीं बाल्टिमोर येथें जॉन्स हॉपकिन्स रुग्णालय सुरू झालें. तेथील मुख्य शस्त्रवैद्य डॉ. विल्यम हॉल्स्टेड यांच्या शस्त्रक्रियागृहाची व्यवस्था कॅरोलाइन हॅम्प्टन नांवाच्या परिचारिकेकडे होती. हात मर्क्युरिक क्लोराइडच्या, म्हणजे पाऱ्याच्या एका तीव्र क्षाराच्या, पाण्यांत बुडविण्याची तेथें रीत होती. त्या पाण्यानें या बाईंचे हात कोपरापर्यंत फुटले, सुजले. काम सोडण्याचीच पाळी आली. बाई कामांत असाधारण कुशल होत्या. तेव्हां हॉल्स्टेड यांनीं गुडइयर रबर कंपनीस सांगून पातळ रबराचे, मनगटाच्या वर पोंचणारे दोन जोड प्रयोगादाखल करवून घेतले. प्रयोग सफल झाला. त्यानंतर १८९० च्या जूनमध्यें या दोघांचा विवाह झाला, हें वाचून आमच्या तरुण वाचकांस कौतुक वाटेल. आमचें लक्ष मात्र दुसऱ्याच गोष्टीकडे जातें. रबरी हातमोज्याची शस्त्रक्रियागृहांत रूढ झालेली ही परंपरा कोणा श्रीमंत रुग्णासाठीं सुरू झाली नाहीं, कोणा मोठ्या शस्त्रवैद्यासाठींहि नाहीं. काम करणाऱ्या एका बाईच्या हातांची आग व्हावी हें तिच्या वरिष्ठाला सहन झालें नाहीं, म्हणून ती सुरू झाली.

मोजे घातले कीं रुग्णाची जखमहि कमी चिघळते, हें ध्यानांत यावयास आणखी कांहीं वर्षें लागलीं. हॉल्स्टेड यांचे शिष्य डॉ. जोसेफ ब्लडगुड यांनीं स्वतः शस्त्रक्रिया करतांना नेमानें मोजे घालण्यास आरंभ केला आणि १८९९ सालीं साडेचारशेंहून अधिक अंतर्गळांच्या शस्त्रक्रियांचा हिशेब प्रसिद्ध केला. मोज्यांपूर्वीं शेंकडा सुमारें सतरा जखमा चिघळत होत्या. मोज्यांनंतर तें प्रमाण शेंकडा दोनांवर आलें. आमच्या पत्रलेखिका भगिनीच्या सासऱ्यांवर जी शस्त्रक्रिया झाली तीच ही शस्त्रक्रिया! आज अंतर्गळाचा रुग्ण चारसहा दिवसांत घरांत हिंडूंफिरूं लागतो, त्याच्या पाठीमागें इतर अनेक शोधांबरोबर या मोज्याचाहि हात आहे.

यानंतर बरींच वर्षें मोजा हा मुख्यत्वें रुग्णाच्या रक्षणाचें साधन म्हणूनच मानला गेला. आमच्याकडील रुग्णालयांतून तर गेल्या शतकाच्या उत्तरार्धापर्यंत मोजे धुऊन पुनःपुन्हां वापरीत. शस्त्रक्रिया संपली कीं परिचारिका ते धूत, हवा भरून भोकें पाहात, भोकाला रबराचें ठिगळ लावीत, वाळवून पूड मारीत आणि पोलादी डब्यांत घालून वाफेनें निर्जंतुक करीत. काटकसरीच्या दृष्टीनें ही रीत कौतुकाची होती खरी. पण ठिगळ लावलेल्या मोज्यानें रुग्णाचें रक्त वैद्याच्या कातडीपासून किती दूर राहील, हा प्रश्न त्या काळीं फारसा कोणी विचारीत नव्हतें.

तो प्रश्न विचारणें दोन रोगांनीं भाग पाडलें. पहिला, रक्तावाटे पसरणारी 'ब' प्रकारची कावीळ. १९६५ सालीं बरूक ब्लमबर्ग यांना रक्तांत तिची खूण सांपडली. त्यांना १९७६ सालीं नोबेल पारितोषिक मिळालें. शस्त्रवैद्य, दंतवैद्य आणि रक्तपेढींत काम करणारे लोक यांना ही कावीळ सामान्य जनांपेक्षां अधिक होते असें दिसून आलें. कित्येकांचें यकृत कायमचें बिघडलें, कित्येकांस कर्करोग झाला. दुसरा रोग एड्स. १९८१ सालीं अमेरिकेंत त्याचे पहिले रुग्ण नोंदले गेले आणि १९८६ सालीं मद्रास येथें आपल्या देशांतील पहिला संसर्ग उघडकीस आला. त्या वेळीं या रोगावर औषध नव्हतें. रोगी बाहेरून धट्टाकट्टा दिसे आणि त्याच्या रक्तांत मृत्यु वास करी. तेव्हां कोठें मोज्याची दुसरी बाजू जगाच्या लक्षांत आली. १९८७ सालीं अमेरिकेच्या रोगनियंत्रण केंद्रानें एक साधा नियम घालून दिला: प्रत्येक रुग्णाचें रक्त संसर्गजन्य आहे असेंच समजून वागावें. यालाच सार्वत्रिक सावधगिरी म्हणतात.

या 'प्रत्येक' शब्दावर आम्ही वाचकांचें लक्ष वेधूं इच्छितों. भगिनीच्या पहिल्या प्रश्नाचें उत्तर त्यांतच आहे. एकाद्या रुग्णाची मुद्रा, पेहराव, आडनांव किंवा घराणें पाहून शस्त्रवैद्य मोजे घालूं अथवा काढूं लागला तर तो अपमान होय, आणि शिवाय मूर्खपणाहि होय. कारण विषाणु घराणें पाहात नाहीं. 'ब' कावीळ आईकडून बाळाला होते, दूषित सुईनें होते, पूर्वींच्या काळीं नीट न तपासलेल्या रक्तानें झाली असेल. आणि झाली हें पुष्कळांस जन्मभर कळतहि नाहीं. मग सर्वांचें रक्त आधींच कां तपासूं नये, असें कोणी म्हणेल. तपासतात, पण संसर्ग नवा असतां कांहीं आठवडे तो तपासणींत सांपडत नाहीं, आणि अपघातानें आलेल्या रुग्णासाठीं तपासणीची वाट पाहावयास वेळ कोठून असणार? म्हणून सर्वांना एकच नियम. सोवळें म्हणजे काय, हें आमच्या वाचकांस समजावून सांगावयास नको. घरांतील जुन्या सोवळ्यांत माणसांची प्रतवारी होती. अमक्याचें पाणी चालतें, तमक्याची सावली चालत नाहीं. शस्त्रक्रियागृहांतील सोवळ्यांत प्रतवारीच नाहीं. तेथें महापौरांचें रक्त आणि हमालाचें रक्त एकाच सावधगिरीनें हाताळावयाचें. तेव्हां त्या तरुणानें दोन जोड घातले यांत तुमच्या घराण्याबद्दल कांहीं मत व्यक्त झालें नाहीं. तो शेजारच्या खोलींतील रुग्णासाठींहि दोनच जोड घालणार होता.

पण दोन कां? एकानें भागत नाहीं काय? या प्रश्नाचें उत्तर मोठें मननीय आहे. शस्त्रक्रियेचा मोजा हा रबराच्या चिकाचा असतो. चिनी मातीचे हाताच्या आकाराचे सांचे प्रथम एका क्षाराच्या पाण्यांत व मग चिकांत बुडवितात; सांच्यावर चिकाचा पातळ पापुद्रा बसतो; तो धुतात, उष्णतेनें पक्का करतात आणि उलटा करून सोलून काढतात. त्याची जाडी मिलिमीटरच्या एकदोन दशांशांइतकीच असते. ती वाढविली तर बोटांची जाणीव जाते. आणि नाडी कोठें उडते, गांठ किती घट्ट बसली, हें शस्त्रवैद्याला बोटांनींच कळावयाचें असतें. म्हणूनच मोजे अर्ध्या अर्ध्या अंकाच्या फरकानें, सहा, साडेसहा, सात, साडेसात अशा मापांचे मिळतात. मोज्यांत एक लिटर पाणी ओतून तो गळतो काय, हें नमुन्यादाखल पाहतात. तरीहि कारखान्यांतून आलेल्या मोज्यांत क्वचित् एकाद्याला डोळ्यांस न दिसणारें भोक असतेंच. शिवाय दीड-दोन तास सुई, कात्री, हाडाच्या कडा यांच्याशीं झुंजतां झुंजतां मोजा कोठें फाटला हें घालणाऱ्याला बहुधा कळत नाहीं. सर्वांत अधिक भोकें पडतात तीं डाव्या हाताच्या तर्जनीला. कारण उजवा हात सुई चालवितो आणि डाव्या हाताचें बोट पुढें राहून तिला वाट दाखवितें. वाट दाखविणाऱ्यालाच जखम व्हावी, हा जगाचा न्याय येथेंहि आहे!

दुसरा जोड याकरितां. वरच्याला भोक पडलें तरी खालचा बहुधा शाबूत राहतो. २०१४ सालीं कॉक्रन संस्थेनें अनेक प्रयोगांची एकत्र छाननी करून प्रसिद्ध केलेल्या निष्कर्षाप्रमाणें, एका जोडाऐवजीं दोन घातल्यास कातडीलगतच्या मोज्याला भोक पडण्याचें प्रमाण शेंकडा सत्तरांनीं कमी होतें. कांहीं ठिकाणीं आंतला जोड हिरव्या रंगाचा घालतात. वरच्याला भोक पडून ओल आंत शिरली कीं तेथें गडद डाग उमटतो आणि शस्त्रवैद्य तत्काळ मोजा बदलतो. आरंभीं दोन जोडांनीं बोटें जड वाटतात अशी अनेकांची तक्रार असते. पण थोड्याच दिवसांत तें अंगवळणी पडतें.

येथें एक गैरसमज दूर केला पाहिजे. सुई टोंचावयाची झाली तर ती दोन काय, चार मोज्यांतूनहि टोंचते. मोजा म्हणजे चिलखत नव्हे. मात्र टांका घालण्याची भरीव सुई मोज्यांतून जातांना तिच्यावरील रक्त पुसलें जातें आणि निम्म्याच्या आसपास अथवा अधिक रक्त बाहेरच राहतें, असें प्रयोगांत दिसलें आहे. रोगी माणसाच्या रक्तानें माखलेली सुई टोंचली असतां एड्सचा विषाणु लागण्याचा संभव हजारांत सुमारें तीन आहे. 'क' कावीळ लागण्याचा शेंकडा दोनांच्या आंत. पण 'ब' काविळीचा, लस न घेतलेल्या माणसाला, शेंकडा सहापासून तिसांपर्यंत! ज्या रोगाच्या नांवानें लोक घाबरतात त्यापेक्षां, ज्याच्याकडे 'साधी कावीळ' म्हणून दुर्लक्ष करतात तो रोग सुईवाटे कितीतरी पट अधिक सहज लागतो. आणि त्यावरच उत्तम लस उपलब्ध आहे. पहिली लस १९८१ सालीं निघाली. भारतांत १९९७ सालीं हैदराबादच्या एका कंपनीनें ती देशांतच बनविली आणि तिची किंमत सामान्यांच्या आवांक्यांत आणली. आतां ती सरकारी कार्यक्रमांतून प्रत्येक अर्भकास मिळते. मोठ्या माणसांस तीन टोंचण्या पुरतात.

म्हणून जाणते शस्त्रवैद्य केवळ मोज्यांवर विसंबत नाहींत. सुई बोटांनीं न धरतां चिमट्यानें धरतात. धारदार शस्त्र हातोहात न देतां मध्यें एका तबकांत ठेवतात व दुसरा तें तेथून उचलतो. पोटाचे स्नायू शिवतांना जमेल तेथें बोथट टोंकाची सुई वापरतात, आणि तिनेंहि मोज्यांना पडणारीं भोकें निम्म्याहून कमी होतात. डोळ्यांवर चष्मा अथवा ढाल असते, कारण रक्ताचा शिंतोडा डोळ्यांत गेला तर तेथें मोजा काय करणार? आणि मोजे घालण्यापूर्वीं व काढल्यानंतर हात धुणें हें आहेच. मोज्याच्या आंत घाम येतो, जंतु वाढतात. काढतांनाच रक्त हाताला लागतें. मोजे घालून एका रुग्णावरून दुसऱ्या रुग्णाकडे जाणारा किंवा त्याच हातानें टेलिफोन उचलणारा मनुष्य मोजे न घालणाऱ्यापेक्षां अधिक घातक होय. कारण त्याला आपण स्वच्छ आहों असा भ्रम असतो.

मोज्याचे स्वतःचेहि कांहीं दोष आहेत. रबराच्या चिकांतील प्रथिनें कांहींना सोसत नाहींत. हात खाजण्यापासून दम लागण्यापर्यंत आणि क्वचित् प्राणांवर बेतण्यापर्यंत त्याचे परिणाम होतात. मोजा सहज चढावा म्हणून आंत मक्याच्या पिठाची पूड मारीत. ती पूड हवेंत उडून तीं प्रथिनें श्वासावाटे पसरवी आणि पोटांत सांडल्यास आंतडीं एकमेकांस चिकटवी. म्हणून अमेरिकेंत २०१७ च्या जानेवारीपासून पुडीचे मोजे बंद झाले. ज्यांना रबर सोसत नाहीं त्यांच्यासाठीं कृत्रिम पदार्थांचे मोजे मिळतात. घरांत कोणास फुगा फुगवितांना ओठ सुजण्याची खोड असेल तर शस्त्रक्रियेपूर्वीं ती डॉक्टरांस अवश्य सांगावी. ही क्षुल्लक वाटणारी माहिती मोलाची असते.

आतां दुसऱ्या प्रश्नाकडे वळूं. रोग सांगितला असतां डॉक्टर हात लावणार नाहींत, किंवा चारचौघांत बभ्रा होईल, ही भीति आम्हांस कळते. सोयरिकी जुळवावयाच्या असलेल्या घरांत तर ती विशेषच असते. पण २०१७ सालच्या एच्. आय्. व्ही. व एड्सविषयक कायद्यानें, जो १० सप्टेंबर २०१८ पासून अमलांत आला, अशा रुग्णाला उपचार नाकारणें बेकायदा ठरविलें आहे, त्याच्या संमतीवांचून ती तपासणी करण्यास मनाई केली आहे आणि माहिती गुप्त ठेवण्याचें बंधन घातलें आहे. त्याच कायद्यानें, जेथें रक्ताशीं संबंध येतो तेथील नोकरांना सावधगिरीचीं साधनें व अपघात झाल्यास औषध देण्याचें बंधन मालकावर घातलें आहे. म्हणजे कायद्यानें रुग्णाची लाज आणि कामकऱ्याचा जीव, दोन्ही सांभाळले आहेत.

कोणी म्हणेल, शस्त्रवैद्य सर्वांचेंच रक्त दूषित समजून वागतो, तर मग आम्हीं कावीळ सांगून काय अधिक होणार? होतें तें असें. यकृत दुर्बल असेल तर भूल देण्याचें औषध कोणतें व किती द्यावें, रक्त गोठण्यास वेळ लागेल काय, हें आधीं ठरवितां येतें. हा लाभ रुग्णाचाच. आणि शस्त्रक्रियेच्या वेळीं कोणाला सुई टोंचली तर पुढचे कांहीं तास फार महत्त्वाचे असतात. जखम साबणपाण्यानें धुवावयाची, पिळावयाची नाहीं, चोखावयाची तर नाहींच. लगेच वरिष्ठांस कळवावयाचें. एड्सचा धोका असेल तर प्रतिबंधक औषध शक्य तों दोन तासांत, आणि फार तर बहात्तर तासांच्या आंत, सुरू करून अठ्ठावीस दिवस घ्यावयाचें असतें. 'ब' काविळीसाठीं लस व तयार प्रतिद्रव्याची टोंचणी देतात. या घाईच्या वेळीं रुग्णाच्या घरच्यांनीं दिलेली खरी माहिती म्हणजे औषधाइतकीच किंमतीची. ती दडविली तर ज्याच्यावर आपण आपला माणूस सोंपविला त्यालाच आपण अंधारांत ढकलतों. तो तरुणहि कोणाचा तरी मुलगा आहे. आणि आज आमच्या कित्येक वाचकांच्या घरांतील मुलगे, मुली व सुना तेंच काम करीत आहेत.

पत्र लिहिणाऱ्या भगिनीस आमची सूचना अशी कीं, अजूनहि वेळ गेलेली नाहीं. टांके पाहावयास सासऱ्यांना नेतील तेव्हां ती जुनी कावीळ डॉक्टरांस सांगावी. सासऱ्यांच्या रक्ताची एकदां तपासणी करवून घ्यावी आणि घरांतील ज्यांना लस मिळालेली नाहीं त्यांनीं डॉक्टरांच्या सल्ल्यानें ती घ्यावी. तीस वर्षांपूर्वींची ती कावीळ कदाचित् पाण्यावाटे होणारी साधी असेल; तसें ठरलें तर सर्वांच्याच मनावरचा भार उतरेल.

शेवटीं, बिलांतील त्या दोन जोडांबद्दल. आम्ही काटकसरीचे पक्षपाती आहों. पण ही काटकसर नव्हे. जेथें मोजे धुऊन पुन्हां वापरतात किंवा परिचारिकेला मोजे मागावे लागतात तेथें तो खर्च वांचत नाहीं. तो केवळ कोणा गरिबाच्या अंगावर ढकलला जातो. शस्त्रवैद्याच्या हातावर लोकांचें लक्ष असतें. पण शस्त्रक्रिया संपल्यावर रक्ताळलेले बोळे उचलणारी मावशी, चादरी धुणारा माणूस आणि पिशव्या वाहून नेणारा सफाई कामगार यांच्या हातांत काय असतें, हें कोण पाहतें? २०१६ च्या नियमांप्रमाणें वापरलेले मोजे लाल पिशवींत आणि सुया पांढऱ्या टणक डब्यांत टाकावयाच्या असतात. एकादी सुई चुकून पिशवींत पडली तर ती टोंचते त्या शेवटच्या माणसालाच. आणि त्यानें बहुधा लसहि घेतलेली नसते. रुग्णाला भेटावयास जाल तेव्हां त्या मावशीच्या हातांत मोजे आहेत कीं नाहींत, एवढें पाहा. नसतील तर व्यवस्थापकांस नम्रपणें विचारा. सुशिक्षित घरांतील चार माणसांनीं विचारलें म्हणजे मोजे येतात.

आणि आपल्या घरांतहि पाहा. मधुमेहाची सुई घेणारी वडील माणसें आतां पुष्कळ घरीं आहेत. ती सुई केराच्या टोपलींत टाकूं नये. जाड डब्यांत जमवून, झांकण पक्कें लावून, जवळच्या दवाखान्यांत विचारून तेथें द्यावी. नाहीं तर ती केर वेचणाऱ्या बाईच्या बोटांत शिरेल. घरीं कोणाची जखम बांधावयाची, कोणाचें रक्त पुसावयाचें तर मोजे घालून पुसावें, मग हात साबणानें धुवावे. रक्ताचे वस्तरे व दांत घासण्याचे ब्रश एकमेकांचे वापरूं नयेत. यांत कोणाविषयीं संशय नाहीं. कॅरोलाइन हॅम्प्टन यांच्या फुटलेल्या हातांकडे ज्या मनुष्याचें लक्ष गेलें त्यानें एक गोष्ट जगाला शिकविली: जे हात दुसऱ्याच्या सेवेंत असतात ते सांभाळणें हाहि सेवेचाच भाग आहे. आमच्या घरांतून एवढें शिकलें गेलें तरी पुष्कळ झालें.